बुटक्या माणसाचं रान

त्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडून, जिथं सात महिने बर्फ असतं, तिथल्या एका अभ्यासकानं ते धाडलं होतं.

कॅसलरॉक स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून असताना मी मुंबईच्या एका इंग्रजी त्रैमासिकात छोटं टिपण दिलं होतं. कुमरी म्हणजे रान तोडून, जाळून दोन वर्षं नाचणी काढायची आणि जमीन सोडून द्यायची. तीस वर्षांत तिथं पुन्हा रान होतं, माणसाची खूण उरत नाही, असं मी ठोकून दिलं होतं.

त्यानं विचारलं होतं, ‘आमच्याकडे पाळीव हरणं कोंडायच्या जागा शंभर वर्षं ओस आहेत, तरी तिथलं गवत अजून वेगळं दिसतं. तुमच्याकडे खरंच काही उरत नाही? तुम्ही पाहिलंत?’

मी पाहिलं नव्हतं. पुस्तकं वाचून लिहिलं होतं. हे कबूल करायची लाज वाटली आणि पत्र पेटीत राहिलं.

नोकरी संपल्यावर, या माघात, धीर करून जवळच्या डोंगरातल्या गुंद गावी गेलो. कुमरी बंद होऊन तिथं तीस वर्षं झाली होती. पूर्वी कुमरी केलेली तिथली साठीची केशरबाय आणि तिचा मुलगा परशू यांना पत्राचा अर्थ सांगितला.

“हरनं पाळत्यात?” केशरबाय म्हणाली.

“दूधही काढतात.”

“अगं बया! मग नांगराला काय वाघ जुपत्यात?”

परशू पोट धरून हसला. मीही हसलो. मग ती पुढं आणि आम्ही मागं, असे डोंगरात शिरलो.

एका उतरणीवर ती थांबली. “हितं काय दिसतंय, बाबू?”

“दाट रान.”

“शिकल्यालं मानूस तुमी. ह्ये ऐनाचं झाड नीट बघा.”

बुंधा चांगला जाड होता आणि जमिनीपासून थोड्या उंचीवर त्यातून तीन खोडं फुटून वर गेली होती.

“आमी झाड मुळातनं तोडत न्हवतो. कमरंइतकं ठेवायचं. तितनं परत फुटतंय.”

“पण हा तर माझ्या मांडीशीच फुटलाय.”

“मामंजींनी तोडलाय न्हवं! लई बुटकं व्हतं ते.”

“नाव काय त्यांचं?”

केशरबायनं तोंड फिरवलं. सासऱ्याचं नाव ती कशी घेणार? परशूनं सांगितलं, “कान्हू. आमचा आजा.”

मग जिकडं पाहावं तिकडं तेच. ऐन, किंजळ, सगळे मांडीशी फुटलेले. अख्खी उतरण एका बुटक्या माणसाच्या मापाची होती. मी टेप काढून वीस झाडं मोजली. बोटभराचासुद्धा फरक पडेना, तसा मी पोरासारखा ओरडू लागलो. परशू आकडे घोकत होता.

“पण आता चुकलो असं लिहावं लागणार,” मी म्हणालो.

“मग लिवा की!” केशरबाय म्हणाली. “नांगर वाकडा गेला तर बैल हसत न्हाईत.”

त्यांच्या ओसरीवर बसूनच उत्तर लिहिलं. पहिलंच वाक्य, ‘मी चुकलो होतो.’ पुढं मापं. मग त्यांच्यासाठी मराठीत वाचून दाखवलं. “हे रान गुंदच्या कान्हूनं तोडलं, आणि त्याची उंची त्यात अजून आहे,” असं वाचताच केशरबाय चटकन उठून उभी राहिली. वडीलधारं माणूस घरात आलं की सुना उठतात, तशी.

मीही उठलो.

दुसऱ्या दिवशी कॅसलरॉकला पत्र टपालात टाकलं.