सतरा नंबरची प्लेट

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे खात्रीभाऊ म्हणत. कोणी काहीही सांगितलं तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "खात्री काय?" चहात साखर आहे असं सांगितलं, तरी हा आधी एक घोट चाखून बघणार. वय सेहेचाळीस. त्यातली बावीस वर्षं ट्रेलरच्या चौकटी मिग वेल्डिंगने जोडण्यात गेलेली, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो डावखुरा होता. शेजारच्याशी कोपराला कोपर लागू नये म्हणून त्याचं टेबल रांगेच्या टोकाला होतं.

एका सकाळी मालकीणबाईंनी सगळ्यांना गोळा केलं. दुधाच्या आणि औषधांच्या कारखान्यांसाठी स्टेनलेसचे पाइप करायचं काम मिळालं होतं. "त्याला टिग वेल्डिंग लागतं. आठ जणांनी शिकायचं. तीन महिने, मग परीक्षा. पास होतील ते नव्या शेडमध्ये, बाकीचे आहेत तिथेच," मालकीणबाई म्हणाल्या.

"आहेत तिथेच म्हणजे किती दिवस?" खात्रीभाऊने मेहुण्याच्या कानात विचारलं. "यात काहीतरी काळंबेरं आहे."

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शेजारच्याच टेबलावर काम करायचा. बारा वर्षांपूर्वी खात्रीभाऊनेच त्याला इथे चिकटवलं होतं. हसतमुख माणूस. तो म्हणाला, "दाजी, काळं असो की बेरं, शिकून तर घेऊ."

शिकवायला बाहेरून एक बाई आल्या. पस्तिशीच्या, किडकिडीत, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मशीन चालूच केलं नाही. प्रत्येकाच्या हातात एक बारीक सळी दिली आणि ती फक्त बोटांनी पुढे सरकवायला लावली. अंगठ्याने ढकलायची, बोटांनी धरायची, पुन्हा ढकलायची. तासभर.

"हिला मशीन येतं तरी का?" खात्रीभाऊ पुटपुटला.

बाईंना ते ऐकू गेलं असावं. त्या म्हणाल्या, "मिगमध्ये बटण दाबलं की तार आपोआप येते. तीच तार पेटते, तीच वितळून जोड भरते. एका हाताचं काम आहे, आणि वेगाचं. टिगमध्ये टॉर्चमधली, म्हणजे या हातातल्या दांड्यातली, टंगस्टनची काडी नुसती ठिणगी धरते, ती वितळत नाही. भरायची सळी दुसऱ्या हाताने आपण घालायची. आच किती ते पायाखालच्या पेडलने ठरवायचं. दोन हात आणि एक पाय, तिघांचं एकमत झालं तर जोड बसतो."

"मग इतका खटाटोप कशाला? मिगनेच स्टेनलेस जोडता येतं की."

"येतं. जाड असेल तर जोडावंही. पण पातळ पाइपच्या आत शिंतोडा राहिला तर तिथे दूध सडतं. टिग शिंतोडे उडवत नाही."

उत्तर बिनतोड होतं, आणि बिनतोड उत्तराचा खात्रीभाऊला जास्तच संशय यायचा.

मशीन चालू झालं तेव्हा त्याची खरी पंचाईत झाली. मिगचा सवयीचा तडतडाट इथे नव्हता. काचेपलीकडे एक निळसर टोक आणि त्याखाली चकाकणारा वितळलेला थेंब, बस. टॉर्च दोन मिलिमीटरवर धरायचा, टेकवायचा नाही. खात्रीभाऊ हमखास टेकवायचा. टेकवला की काडीचं टोक खराब, मग उठा, दगडावर पुन्हा टोक काढा, तेही लांबीच्या दिशेनेच. जोड संपला की मिगच्या सवयीने हात झटकन उचलायचा, आणि वरून गॅसचं पांघरूण गेल्यामुळे शेवट काळा पडायचा.

"ठिणगी विझल्यावरही हात तिथेच ठेवा, भाऊ," बाई शेजारी उभ्या राहून सांगायच्या. "गॅस अजून चालू असतो. जोड निवू द्या."

त्याच्या पट्ट्या करड्या, कोळशासारख्या यायच्या. मेहुण्याच्या मात्र सोनेरी. महिनाभरात खात्रीभाऊचा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. सिलिंडरमध्ये शुद्ध आर्गॉन नाही, मिगचाच मिश्र गॅस आहे, असं तो म्हणाला. बाईंनी टॉर्च त्याच्या हातातून घेऊन त्याच गॅसवर चार इंचांचा लखलखीत जोड करून दाखवला. मग कोणीतरी आपली काडी बदलतंय असं त्याला वाटू लागलं. तो आपल्या टंगस्टनच्या काड्या पेनाच्या टोपणात घालून खिशात घेऊन घरी न्यायला लागला. घरात कोणाशी धड बोलेना. जेवतानाही डोळे भिंतीवर आणि उजव्या हाताची बोटं नसलेली सळी सरकवतायत. बायको बघत राहायची.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाला दोन तुकडे जोडून एक प्लेट करायची होती. आपला नंबर डाव्या वरच्या कोपऱ्यात आधीच ठोकायचा. खात्रीभाऊचा नंबर सतरा, मेहुण्याचा अठरा. जोडलेल्या प्लेटी मांडणीवर निवत ठेवल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंनी त्या पेटीत भरून सीलबंद केल्या. बाहेरचा तपासनीस त्या कापून, वाकवून बघणार होता. वाकवताना तडा गेला की नापास.

चार दिवसांनी निकाल लागला. आठपैकी सहा पास. त्यात सतरा नंबर होता.

खात्रीभाऊ कधी नव्हे तो शीळ घालत घरी गेला. दार उघडताच बायको म्हणाली, "अभिनंदन! तुमच्या ताईंनाही कळवलं मी सकाळीच."

तो चप्पल काढता काढता थांबला. "सकाळी? यादी तर दुपारी लागली."

"मग... दुपारी कळवलं असेन. तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणून ती आत गेली. तिने नंतर दोनदा विषय बदलला. खात्रीभाऊच्या मनात कुसळ शिरलं ते तिथे.

नव्या शेडमध्येही काहीतरी खुपत होतं. तिथलं काम आता शिकवणाऱ्या बाईच बघायच्या. बाकीच्या पाच जणांना त्यांनी पाइप जोडायला दिले. खात्रीभाऊला मात्र पाइपांची तोंडं पुसायला आणि आत गॅस सोडायच्या नळ्या लावायला ठेवलं. आत गॅस नसला तर जोडाच्या मागे साखरेसारखा भरड थर धरतो, त्याला साखरच म्हणतात, म्हणून ते कामही महत्त्वाचं, असं बाई म्हणाल्या. पण म्हणताना त्याच्याकडे बघितलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले.

"माझ्यावर डूख धरलाय तिने," तो मेहुण्याला म्हणाला.

"जाऊ द्या ना दाजी. पास झालात, मिळवलंत. उगाच उकरून काय निघणार?" मेहुणा हसला नाही. दर वेळी हसणारा माणूस हसला नाही, हेही खात्रीभाऊने टिपून ठेवलं.

नवव्या दिवशी तो बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. "मॅडम, मी पास आहे ना? मग मला टॉर्च का नाही?"

बाईंनी खण उघडून सतरा नंबरच्या प्लेटचे तुकडे समोर ठेवले. मधली पट्टी कापून वाकवलेली, दोन टोकांचे तुकडे तसेच. "बघा," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीला टेकून बसल्या.

जोड सुरेख होता. एकसारख्या, नाण्यांच्या चळतीसारख्या लहरी, फिकट सोनेरी. आपण इतकं चांगलं केलं होतं? खात्री काय? त्याने तुकडे जुळवून नंबर सरळ धरला. मग त्याचं लक्ष जोडाच्या शेवटाकडे गेलं. टॉर्च जिथे थांबतो तिथे एक छोटा खळगा राहतो. तो इथे डावीकडे होता, सतरा या आकड्याच्या बरोबर खाली.

डावखुऱ्याच्या डाव्या हातात टॉर्च. तो डावीकडून उजवीकडे जातो. त्याचा जोड उजवीकडे संपतो. तीन महिन्यांत त्याची एकही पट्टी डावीकडे संपली नव्हती.

त्याने तुकडे टेबलावर ठेवले. "ही माझी नाही."

"मला निकालाच्या दिवशीच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "तपासनीस हात ओळखत नाही. मी ओळखते. तुम्हीच कोणाकडून तरी करवून घेतली असं धरून चालले होते. येऊन सांगताय का, याची वाट बघत होते."

आयुष्यभर जगावर संशय घेणाऱ्या माणसावर आठ दिवस कोणीतरी संशय घेत होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याला राग यायला हवा होता. आली लाज, न केलेल्या गोष्टीची.

"कोणाची आहे?" बाईंनी विचारलं.

त्या लहरी त्याने रोज शेजारच्या टेबलावर पाहिल्या होत्या. सकाळीच निकाल माहीत असलेली बायकोही डोळ्यांसमोर आली. "मला नाही माहीत," तो म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी ते खरं मानलं नाही, हे दोघांनाही कळलं.

मेहुणा शेडमागच्या नळावर हात धूत होता. खात्रीभाऊने काही विचारायच्या आधीच त्याचा चेहरा पडला.

"माझी प्लेट कुठे आहे?"

"दाजी, ऐकून तर घ्या..."

"कुठे आहे?"

"माझ्या कपाटात. टाकवली नाही." मेहुण्याने नळ बंद केला. "ताईच म्हणाली. रडत होती. म्हणाली, हे नापास झाले तर घरात बसून झिजतील, तू काहीतरी कर. माझी प्लेट लवकर झाली होती. तुमचा नंबर ठोकून दुसरी करून ठेवली, जेवणाच्या सुट्टीत बदलली. निकालाच्या सकाळी तपासनीसाच्या माणसाला मीच फोन करून विचारलं, म्हणून तिला आधी कळलं."

"पण माझी नापासच होणार, हे तुम्हा दोघांना कोणी सांगितलं?"

मेहुण्याने आत जाऊन ओल्या हातांनीच कपाट उघडलं आणि चिंध्यांखालून प्लेट काढून दिली.

संध्याकाळी घरी खात्रीभाऊने बायकोला सगळं सांगितलं. ती उसळली. "हो, सांगितलं मी! तीन महिने या घरात काय चाललं होतं ते तुम्हाला दिसत नव्हतं. आता काय, जाऊन बोंब मारणार? माझ्या भावाला बाहेर काढतील."

"मग मी काय करू? दुसऱ्याच्या हाताने पास होऊन पाइप जोडू?"

"मी कुठे तसं म्हणतेय?" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "माझी चूक झाली. पण त्याची चूल विझवू नका."

सकाळी तो स्वतःची प्लेट घेऊन बाईंकडे गेला. शेडच्या दारात मेहुणा आधीच उभा होता. "मीच बोलतो," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलू नका, तुम्हाला ते जमत नाही."

बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मालकीणबाईंना बोलावलं. त्या खूप तापल्या, मग थंडावल्या. मेहुण्याचा पास रद्द झाला, त्याला सहा महिने टॉर्चला हात लावायला बंदी घातली. "आणि प्लेटी उघड्यावर ठेवून जेवायला मी गेले होते," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तेही लिहा."

मग खात्रीभाऊ म्हणाला, "माझी प्लेट वाकवून बघा."

पट्टी कापली, दाबयंत्रात घातली. सगळे जमले होते. पट्टी वाकत गेली, अर्धी, पाऊण, आणि मग मुळाशी एक केसाएवढी रेघ उघडली. खालपर्यंत वितळलं नव्हतं. नापास.

खात्रीभाऊने ती पट्टी उचलून डोळ्यांजवळ नेली, रेघेवरून नख फिरवलं. "पेडल कमी दाबलंय मी," तो म्हणाला. "भोक पडेल म्हणून घाबरलो."

पुन्हा परीक्षा सहा आठवड्यांनी ठरली. बायको आणि तो दहा-बारा दिवस कामापुरतंच बोलले. मेहुणा घरी यायचा बंद झाला. मग एका दुपारी खात्रीभाऊच त्याच्यापुढे सळी घेऊन उभा राहिला. "टॉर्च धरायची बंदी आहे ना तुला? रिकाम्या हाताने दाखव."

मेहुणा सवयीने त्याच्या शेजारी बसायला गेला, पण जागा नव्हती म्हणून समोर बसला. आणि समोरून त्याचा उजवा हात आरशातल्यासारखा खात्रीभाऊच्या डाव्या हाताशी जुळला. तीन महिने बाई शेजारी उभ्या राहून शिकवत होत्या आणि तो मनातल्या मनात प्रत्येक हालचाल उलटी करत बसला होता. हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्याने बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याही समोर बसल्या.

दुसऱ्या परीक्षेत त्याच्या लहरी काही नाण्यांच्या चळतीसारख्या नव्हत्या, दोन ठिकाणी सळी जास्त पडली होती. पण पट्टी पूर्ण वाकली आणि तुटली नाही. या वेळी पेटीला कुलूप होतं आणि दाबयंत्राशी तो स्वतः उभा होता.

त्या आठवड्यात बाईंनी त्याला पहिला पाइप दिला. जोड झाल्यावर त्यांनी पाइपाच्या तोंडातून बॅटरी मारून आत पाहिलं, बराच वेळ. खात्रीभाऊ श्वास धरून उभा.

"साखर नाही," त्या म्हणाल्या. "पुढचा घ्या."