फोटोतलं वजन

कंधार तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात आकडे भरायचं काम माझं. लेकरांच्या वजनांचा एवढा मोठा तक्ता मी भिंतीवरच्या टीव्हीवर लावायची आणि कुणी ढुंकून बघायचं नाही. डोकं फिरायचं माझं. शेवटी मी एक्सेलमधली एकेका लेकराची ओळ कॉपी केली आणि दुसऱ्या पानावर लिंक असलेलं चित्र म्हणून चिकटवली. आता तिला फोटोसारखी चौकट देता येत होती, हवी तेवढी मोठी करता येत होती. तक्त्यात आकडा बदलला की चित्रही आपोआप बदलणार, रंगासकट. धोक्यातलं लेकरू लाल, सावरणारं पिवळं, ठणठणीत हिरवं.

अंगणवाडीच्या भामाबाईंना हे काही पटेना.

"फोटू कुठं बदलत असतो व्हय, रेणुकाताई? माझ्या लग्नाच्या फोटूत मी अजून सतरा वर्साचीच हाय."

"त्याला तुमचं वजन जोडलेलं नाही ना," मी म्हणाले.

एका मंगळवारी सकाळी भामाबाई बुद्धप्रियाला घेऊन आल्या. तिची दहा महिन्यांची लुंबिनी मागच्या महिन्यात नांदेडच्या दवाखान्यात पंधरा दिवस राहून आली होती. आजही लाल निघाली तर पुन्हा नांदेड. टीव्हीवर पोरीच्या नावाची लाल चौकट होती, आत मागचं वजन, पाच किलो आठशे. बुद्धप्रिया तिकडे पाठ करून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

सिस्टरनी लुंबिनीला काट्याच्या झोळीत ठेवलं. पोरगी दणकून किंचाळली.

"सहा किलो चारशे," सिस्टर म्हणाल्या.

मी आकडा टाकला, एंटर दाबलं. चौकट पिवळी झाली.

खोटं कशाला बोलू, हे सगळं मीच जोडलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. भामाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आगं माय! फोटूतलं लेकरू वाढलं की!"

बुद्धप्रिया वळली. पोरीला कडेवर घेऊन टीव्हीपाशी गेली आणि त्या पिवळ्या चौकटीवरून हलकेच बोट फिरवलं.

"ताई, मी घरी भरवलं, ते हितं दिसून राहिलं?"

"हाव. तेच."

ती रडत होती आणि हसतही होती. मला चेव चढला. कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मला धीर धरवत नाही.

"थांब, परत दाखवते. आधीचा आकडा टाकते, लाल होईल. मग नवा टाकला की पुन्हा पिवळी."

माझं बोट पाचावर जायच्या आत तिनं माझं मनगट गच्च धरलं.

"नगा, ताई. मागचं नगा टाकू. लेकरू हाय ते."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी फाइल सेव्ह केली आणि कीबोर्ड माझ्याच हातापासून लांब सारला.