बोंडाचं फूल

"बोंडाचा भुगा झाला, वहिनी," पोपटने कागदाची पुडी माझ्यापुढे उघडली. "उंदरानं खाल्लंन. आता देवाच्याच वाहनाला काय बोलू?"

पेणला त्याच्या गणपतीच्या कारखान्यात मी कपाळाला हात लावून बसले. चतुर्थी तोंडावर आलेली आणि आमच्या मूर्तीचा हिरवा शेला कोराच.

हे बोंड अफूचं. माझे सासरे माधवराव, म्हणजे आमचे अण्णा, रोह्यात वैद्य होते. त्यांच्या दवाखान्यात बरणीभर वाळलेली बोंडं असायची. जुनाट अतिसारावर ते त्यांचा काढा देत. त्या काढ्याने पोपटच्या वडिलांचं पोट सुधारलं. त्यांची नजर कारागिराची. बरणीतलं एक बोंड मागून नेलं, त्याच्या डोक्यावरची चकती सोनेरी रंगात बुडवली आणि आमच्या गणपतीच्या शेल्यावर उमटवली. काय सुरेख फूल उठलं! तेव्हापासून दरवर्षी त्याच बोंडाचा ठसा, तीच फुलं. मोदकाच्या सारणात खसखस घालताना सासूबाई म्हणायच्या, "बोंड देवाला दिलं, दाणे आपल्याला." त्या स्वयंपाकघराची आठवण आली की अजून जीव हळवा होतो.

रोह्याचं ते घर आता नाही. आम्ही रोह्याजवळच वरसे गावात फ्लॅटमध्ये राहतो आणि अण्णांना काही आठवत नाही. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन दाराशी उभे राहतात. "चला, घरी जाऊ." मी रोज सांगते, "अण्णा, बसा. घर आपलंच आहे." त्यांना ते पटत नाही. माझं नावही विसरलेत, मी नुसती 'बाई' झालेय. पण गेल्या वर्षी शेला बघून म्हणाले होते, "आपला गणपती इथे, म्हणजे घर आपलंच." गणपती होते तोवर पिशवी खुंटीवर राहिली. मला यंदाही तेवढंच हवं होतं.

"दुसरं बोंड आणा की," पोपट म्हणाला.

"कुठून आणू? खसखस वाण्याकडे मिळते, बोंडं नाही मिळत. त्याला सरकारी परवाना लागतो."

"मग भेंडीचा ठसा मारू?"

"पोपट, हा शाळेतला हस्तकलेचा तास नाय!" रागाच्या भरात माझ्याही तोंडून 'नाय' निघालं.

माझी लेक स्पृहा सोबत होती. ती वनस्पतींची शास्त्रीय चित्रं काढते, एकेका पाकळीवर दिवस घालवते. अफूचं चित्र तिने आधी काढलेलं होतं: पांढऱ्या पाकळ्या, राखी-हिरवं बोंड, डोक्यावर किरणांची चकती. ते मोबाईलवर समोर ठेवून तिने बारीक कुंचल्याने शेल्यावर एकेक चकती रेखली. पोपट बघतच राहिला.

"ठशापरीस भारी झालं गो!"

मूर्ती घरी आणून पाटावर ठेवली. अण्णा जवळ आले, वाकून पाहिलं, हात जोडले.

"छान आहे यांचा गणपती," ते म्हणाले आणि पिशवी उचलली. "चला, उशीर झाला. घरी जाऊ."

माझं अवसानच गळालं. "अण्णा, नीट बघा ना. आपलं बोंडाचं फूल."

त्यांनी शेल्यावर बोट ठेवलं. "हे आमचं नव्हे. आमच्याला एक किरण कमी."

"आजोबा, किरण सगळीकडून सारखेच असतात," स्पृहा म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

"असतील. आमच्या बोंडाचा टवका उडाला होता. बरणीचं झाकण लागलं."

खरंच की! प्रत्येक फुलात एक जागा रिकामी असायची. इतकी वर्षं बघून बघून मला ती दिसेनाशी झाली होती.

बरोबर काढलेलं मुद्दाम चुकवायचं म्हणजे स्पृहाच्या जिवावर आलं. तोंड पाडून तिने रंगांची पेटी उघडली आणि शेल्याच्या हिरव्या रंगाने प्रत्येक फुलातला एक किरण बुजवला.

अण्णा शेजारी उभे राहून पाहत होते. शेवटचं फूल झालं तसे ते वळले आणि हातातली पिशवी खुंटीला अडकवली.

"श्यामला," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी मी माझं नाव ऐकत होते. "अशी उभी का? बस. घर आपलंच आहे."

मी बसले, आणि मला रडू आवरेना.