तानुबाईची चाल

अमरावतीच्या कार्यक्रमाला मावशीला सोबत न्यायचं, हे गीतांजलीनं शेखरला न विचारताच ठरवलं होतं.

तानुबाई तिची सख्खी मावशी. कॉलेजसाठी गीतांजली हिवरखेडहून अकोल्याला तिच्याकडे आली आणि मग तिथंच राहिली. आता ती एका शाळेत संगीत शिकवायची. मावशीचा फुलांचा धंदा होता. सकाळी बाजारातून झेंडू-शेवंती आणायची, घरी बसून हार ओवायचे आणि दिवस कलला की देवळाजवळ दुकान मांडायचं. ओवताना मावशी गुणगुणायची. त्याला शब्द नव्हते. वर चढून मध्येच वळणारी एक छोटीशी चाल, तीच ती, श्वास घ्यायलाही न थांबणारी. वामनराव, म्हणजे मावशीचे यजमान, गीतांजली अकोल्याला यायच्या आधीच वारले होते. मागं ही चाल तेवढी राहिली असावी, असं गीतांजलीला वाटायचं.

त्या चालीवर तिनं गाणं बांधलं. शब्द शेखरनं लिहिले. हात फुलांत आणि मन सुरांत असलेल्या एका सुखी बाईचं गाणं. शेखर मूळचा शेंदूरजनाघाटचा, अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवायचा. दोघं कितीतरी वर्षं आपली गाणी आपणच रेकॉर्ड करून नेटवर टाकत होते. ऐकणारे म्हणजे नातेवाईक आणि शेखरचे विद्यार्थी. हे गाणं मात्र पसरलं. बाया भाकरी थापताना, अंगणात रांगोळी काढताना त्यावर रील करू लागल्या. मुलाखतीसाठी बोलावणं आलं ते त्यामुळेच.

एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कार्यक्रम होता. शेखर सकाळपासूनचे तास घेऊन तसाच आला होता. त्याचा आवाज बसला होता. दोन गाणी म्हणू आणि मोकळं होऊ, एवढंच तो बोलला. मुलाखत घेणाऱ्या आकांक्षानं त्याला नव्या गाण्यांबद्दल, प्रेरणेबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं नेहमीचं सांगितलं: संत्र्याच्या बागा, बहराचा वास, वडिलांसोबतची लहानपणची संध्याकाळ. हजेरी घ्यावी तसं त्यानं ते म्हणून टाकलं. लोकांना आवडलं.

मग गीतांजलीची पाळी. ती मावशीबद्दल बोलली. काम करता करता माणूस किती तृप्त असू शकतो, हे आपण मावशीकडून शिकलो, असं म्हणाली. टाळ्या पडल्या. तानुबाईला उभं करून शाल दिली. तिनं हात जोडले आणि खाली बसली. गाणं सुरू झालं तशी ती मांडीवरच्या शालीची घडी घालू लागली. घडीवर घडी घालत गेली, शाल वीतभर झाली तरी तिचे हात थांबले नाहीत.

संध्याकाळच्या बसनं दोघी अकोल्याला निघाल्या. बडनेरा मागं पडलं. गाणं कसं वाटलं, असं गीतांजलीनं विचारलं.

"चांगलं म्हणतं तू," तानुबाई म्हणाली. "पण ते तसं नव्हतं ना माय."

"कसं?"

 तानुबाई खिडकीबाहेर पाहत कुणा दुसऱ्याच बाईचं सांगावं तशी सांगू लागली. वामनराव आतल्या खोलीत पडून असायचे. बाहेर बायको हार ओवते आहे की नुसती बसली आहे, की दारात कुणाशी बोलते आहे, हे त्यांना उठल्याशिवाय कळायला हवं होतं. म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, तोंडानं आवाज चालू ठेवायचा.

"आवाज थांबला का ते उठत," ती म्हणाली. "मंग मी थांबतच नव्हती. आता ते नाई, तरी तोंड आपलं चालूच राह्यते. सवय पडली."

 त्याच गाण्यासाठी लोकांनी गीतांजलीला डोक्यावर घेतलं होतं. तिनं विचारलं, "आधी काहून नाई सांगतलं मावशी?"

"तू विचारलं कुठी? तू तर खुश होऊन राहिली होती." मग म्हणाली, "कोणाले सांगू नोको. मेलेल्या माणसाचं काय सांगा लोकाले."

मूर्तिजापूर आलं तेव्हा मावशीचा डोळा लागला होता.

पुढचे दिवस गीतांजलीनं कसेबसे काढले. शाळेत पोरं तेच गाणं म्हणून दाखवायची. घरी यावं तर मावशी फुलांपाशी गुणगुणत बसलेली. आता ती चाल ऐकली की गीतांजली उठून घराबाहेर पडायची. ते गाणं काढून टाकू का, असं तिनं एकदा विचारलं. मावशी म्हणाली, तुमचं तुम्ही पाहा, मले त्यातलं काय समजते.

रविवारी शेखर अकोल्याला आला तेव्हा तिनं सांगितलं, की गाणं नेटवरून काढायचं आहे. तो आधी हसला. मग ती खरंच म्हणते आहे हे पाहून खुर्चीत मागं रेलला.

"एवढ्या वर्षांत एकच गाणं चाललं, गीता. काहून काढतं?"

"मावशीची गोष्ट हाय. मले सांगता येत नाई."

तो चिडला. शब्द आपले आहेत, आपल्यालाही काही हक्क आहे, असं बोलला. पण भांडायची ताकद दोघांतही नव्हती. गीतांजलीनं चहा केला. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "शब्द खोटे हायत काय आपले?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मंग काढ," तो म्हणाला. "ते बहराचा वास-बीस मी सांगतो ना, तेही तसंच. मले तो वास आता आठवतही नाई. लोकं विचारतात म्हणून सांगतो."

त्याच दुपारी तिनं गाणं काढलं. लोकांचे निरोप आले, आकांक्षाचाही फोन आला. काही अडचण होती, एवढंच गीतांजलीनं सांगितलं. महिनाभरात विचारणारे थांबले.

दिवाळीनंतर त्यांनी दुसरं गाणं टाकलं. नळाची वाट पाहत बसलेल्या गल्लीचं. शेखरनं ते क्लासच्या जिन्यात बसून लिहिलं होतं. ऐकणारे पुन्हा नातेवाईक आणि विद्यार्थीच. गीतांजलीनं ते मावशीला मोबाइलवर ऐकवलं. तानुबाईनं हातातला हार बाजूला ठेवला आणि ते शेवटपर्यंत ऐकलं. गिटारचा आवाज लय मोठा झाला, तुझे बोल ऐकू येत नाहीत, असं ती म्हणाली. गीतांजलीनं तसं शेखरला कळवलं. त्यानं उत्तर पाठवलं, की आता बदलायचा कंटाळा आला, पुढच्या वेळी पाहू.