सकाळचा चहा खोलीवर

लेकानं, वीरेशनं, औरंगाबादहून आणलेला तो रंगीत कागद आमच्या घरात आठ दिवस फिरत होता. आधी दुकानातल्या गादीवर, मग सासूबाईंच्या उशाखाली, मग पापडाच्या डब्यावर. तिथून मी तो उचलला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शेवटपर्यंत वाचायची चैन मला तशी कमीच मिळालेली. मी वाचायला शिकले ती दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर. निम्मी गोष्ट हाताशी लागायची, उरलेली कुणाच्या तरी गुळाबरोबर गेलेली असायची. हा कागद मात्र अख्खा होता.

एका बाजूला कोकणातलं, समुद्राकाठचं रिसॉर्ट. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीतलं, डोंगरातलं. तीन दिवस, दोन रात्री. राहणं, खाणं, फिरणं, साहसी खेळ, सगळं एकातच. डोंगराच्या बाजूला एक माणूस दरीवरनं दोराला लटकून चालला होता आणि वर हसत होता. लेकाचा जीव त्या माणसावर जडला होता. माझा जडला खाली, बारीक अक्षरातल्या एका ओळीवर: 'सकाळचा चहा खोलीवर आणून दिला जाईल.' समुद्राच्या बाजूला ही ओळ नव्हती. तिथं चहाला हॉलमध्ये जायचं होतं. माझ्यापुरता समुद्र तिथंच आटला.

आमच्या लग्नाला त्या वर्षी पंचवीस वर्षं झाली होती. पंचवीस वर्षांत दिंद्रुडच्या त्या घरात दिवसाचा पहिला चहा मी केला आणि शेवटचाही मीच. तक्रार नाही. चहा माझा चांगलाच होतो. पण पाय पांघरुणातच ठेवून, दुसऱ्या कुणी केलेला चहा प्यायचा, एवढं एकदा करून बघायचं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. 'कशापायी जायचंय गं?' असं कुणी विचारलं असतं आणि मी 'चहासाठी' म्हणाले असते, तर अख्खा बाजार हसला असता.

अडचण एकच होती. आमचे हे, ईश्वरप्पा, भुसार मालाचे व्यापारी. नमुना बघितल्याशिवाय त्यांची मान हलत नाही. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, दोन चावायचे आणि मग तोंड उघडायचं.

"नमुना मागव," ते वीरेशला म्हणाले.

"आप्पा, रिसॉर्टचा नमुना येत नसतो."

"मग माल घ्यायचा कसा? कागदावर सगळीच ज्वारी टपोरी असती. त्यापरीस नारायणगडला जाऊन येऊ. दशम्या बांधून न्यायच्या, दर्शन घ्यायचं, सांजच्याला घरी."

दशम्या कोण करणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या हिशेबी पहाटे दव पडतं तशा दशम्या होतात.

वीरेश परीक्षेसाठी परत गेला, पण जाताना बीडला उतरून अंगदला गाठून गेला. हा अंगद सहलींचं ऑफिस चालवायचा. तरुणपणी गडकिल्ले चढलेला, आता लोकांना चढवायचा. दोन दिवसांनी जीप घेऊन तो दुकानासमोर हजर. "काका, गाडीत दोनच जागा राहिल्यात. उद्या दुपारपर्यंत कळवा, न्हाईतर दुसऱ्याला देतो."

ह्यांनी त्याला गादीवर बसवलं आणि पोतं तपासावं तसं तपासलं.

"जेवणात मटण-बिटण?"

"शाकाहारी स्वयंपाकघर वेगळं हाय, काका. भांडी वेगळी."

"सकाळी पूजेला बेल मिळंल?"

"मागंच दोन झाडं हायत."

"मांजरसुंब्यावाणी भाजीवर तेल तरंगत न्हाई ना?"

आयुष्यात घराबाहेर हे एकदाच पोटभर जेवलेले, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर, ट्रक बंद पडला तेव्हा. तेव्हापासून जगातलं सगळं बाहेरचं जेवण ते त्या एका भाजीवर तोलतात.

"न्हाई तरंगत."

"आन् ह्यो दोर? तुटला-बिटला तर?"

अंगद उठला. जीपमधून दोराचं भलंमोठं वेटोळं, पट्टे आणि लोखंडी चाक घेऊन आला. "दोराचा नमुना हितंच दाखवतो," म्हणाला.

तासाभरात आमच्या माडीच्या खांबापासून समोरच्या मैदानातल्या चिंचेपर्यंत दोर ताणला गेला. ह्यांनी खाली बारदान्याचे, रिकाम्या पोत्यांचे, थर अंथरायला लावले. आमचा हमाल शहादेव, तीस वर्षं पोती उचललेला माणूस, वर तोंड करून म्हणाला, "मालक, गहू लटकवू का ज्वारी?"

"ज्वारी. क्विंटलची."

पोतं सर्रकन गेलं आणि चिंचेपाशी डुलत थांबलं. मैदान ओलांडून हे चिंचेपाशी गेले, पोत्याची शिवण बोटानं चाचपली आणि परत आले. "उसवली न्हाई," एवढंच म्हणाले. तोवर निम्मा बाजार जमला होता. आणि जमलेल्या माणसांना चहा लागतो, म्हणून मी तिसऱ्यांदा आधण ठेवलं होतं.

समोरचे कापडवाले सुंदरराव कपाळाला हात लावून बघत होते. "ईश्वरप्पा, पोतं गेलं. पण पोत्याला भ्या असतं का? माणूस बसवा."

ह्यांनी शहादेवकडं बघितलं.

"मालक, मला पोरीचं लगीन करायचंय अजून."

"मी जातो की," अंगद म्हणाला.

"तू इकणारा. इकणाऱ्यानं चाखून दाखवलं तर त्याला काय अर्थ हाय?"

"मग तुमीच बसा," सुंदरराव म्हणाले.

हे खाकरले. "माझी अजून पूजा व्हायचीय."

दुपारचे चार वाजले होते आणि कपाळावरची सकाळची विभूती अजून पुसली नव्हती. बाजार पोट धरून हसला. ह्यांचा चेहरा पडला. कागदाची घडी घालत ते अंगदला म्हणाले, "राहू दे बाबा. नारायणगडच बरा."

हे मी माडीच्या दारातून ऐकलं, हातात अकरा कपांचं ताट धरून. त्या अकरा कपांकडं बघितलं. मग ताट खाली ठेवलं.

"मी बसते."

"दानम्मा, येडी झालीस का?" आत्याबाई मागून ओरडल्या. माझ्या सासूबाई भिवराबाई. सत्तरी ओलांडलेल्या, पण आवाज पोलिसपाटलाचा. मग म्हणाल्या, "पदर खोच आधी. गाव बघतंय."

अंगदनं पट्टे आवळले. तेवढ्यात हे जिना चढून वर आले आणि एकेक पट्टा स्वतः ओढून बघू लागले, शिवण तपासतात तसा. पंचवीस वर्षांत बाजारासमोर त्यांनी माझा हातही कधी धरला नव्हता, आणि आज कमरेचा पट्टा दोनदा तपासला.

"टोचतो का?"

"न्हाई."

"डोळे मीट," ते हळूच म्हणाले.

मी मिटले नाहीत. आयुष्यात एकदा वरून बघायचं, ते मिटून कसं बघणार? अंगदनं ढकललं आणि माडी मागं पडली. खालून दुकानाचा पत्रा गेला, सुंदररावांचं टक्कल गेलं, शंभर उघडी तोंडं गेली. आमच्या पत्र्यावर वीरेशचा पाच वर्षांपूर्वी हरवलेला चेंडू पडलेला दिसला. मी हसत होते म्हणे, मोठ्यानं. मला वाटलं होतं मी ओरडत होते.

चिंचेखाली शिडी लावून शहादेव उभाच होता. त्यानं मला उतरवलं. बघते तर हे मैदानातून पळत येत होते, एका पायातली चप्पल मागंच पडलेली.

"काय म्हणतो दोर?"

"दोर बरा हाय."

त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच व्यापारी जागा झाला. मागून आलेल्या अंगदला म्हणाले, "एक राहिलं. खाण्यापिण्याचा नमुना."

अंगदनं डोक्याला हात लावला. "काका, स्वयंपाकघर जीपमधी घालून आणू का आता?"

माझे पाय अजून जमिनीला नीट लागले नव्हते. त्यामुळंच असेल, पंचवीस वर्षं आवरलेलं तोंड सुटलं. "त्यो नमुना तुमी दाखवा," मी ह्यांना म्हणाले.

"मी?"

"कागदात लिवलंय. सकाळचा चहा खोलीवर. उद्या सकाळी आणून द्या. मग मी सांगते, जायचं का न्हाई."

ह्यांनी घडी उलगडली, चष्मा लावला आणि ती बारीक ओळ पहिल्यांदा वाचली. मग माझ्याकडं बघितलं. मग परत ओळ वाचली. बाजार हसत होता, पण ह्यांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला जाग आली. पाय सवयीनं खाली निघाले, त्यांना मी पांघरुणात दाबून धरलं. सहाला स्वयंपाकघरात पातेलं पडलं.

"चहापत्ती कुठं हाय गं?"

"फळीवर."

"साखर?"

"पितळी डब्यात."

"गाळणी?"

मग आत्याबाईंचा आवाज आला, "अरे ईश्वर, उतू चाललं!" आणि पाठोपाठ पाण्याचा चर्रर्र.

पावणेसातला हे आले. कप दोन्ही हातांत धरलेला, बशीत निम्मा चहा. बाहीला दूध लागलेलं. चहा पाकासारखा गोड होता आणि गाळणी बहुतेक सापडलीच नव्हती. मी एक घोट घेतला. पोत्यात नळी गेल्यावर शेतकरी ज्या तोंडानं ह्यांच्याकडं बघतो, त्याच तोंडानं हे पायथ्याशी उभे राहून माझ्याकडं बघत होते. मी मुद्दाम दुसरा घोट घेतला. बशीतलाही प्यायले.

"काय?" त्यांनी विचारलं.

"कळवा अंगदला."

त्यांनी श्वास सोडला आणि पलंगाच्या कडेला टेकले. "दानम्मा, येवढ्या एका कपाला पाऊण तास गेला. तू तर कवा उठतीस कळतबी न्हाई." मग बाहीवरचं दूध पुसत, "तिथला चहा हेच्यापरीस बरा असंल ना?"

"असंल की."

"आन् नसला तर?"

"नसला तर घरी ह्यो हायच."

"ईश्वर," बाहेरून आत्याबाईंची हाक आली, "माझा कुठाय?"

हे उठले. "कप ठेव तिथंच, मी नेतो," असं दारातून बजावून गेले. मग आधी आईचा चहा, मग अंगदला फोन, मग दुकान. कप दुपारपर्यंत पलंगाखाली तसाच होता. येता-जाता मला दिसत होता. मीही उचलला नाही.