रातकिड्याच्या पोटातला काळा दोरा

गुरुवारी ऊन उतरलं की आमच्या डोंगरातल्या ऐन उमलीलच्या झऱ्यावर पाय ठेवायला जागा नसायची. खालच्या गावांतून माणसांनी भरलेले टेम्पो यायचे, गाढवं यायची. मांडीवर पोरं, हातात नवसाचे साखरेचे शंकू आणि मेणबत्त्या घेऊन बायका काठावर दाटीवाटीनं बसायच्या. झऱ्याच्या कुंडाशी एक कंदील लावलेला असे आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या झग्यात, डोळे मिटून, मंत्र घालून करणी उतरवणारा फकीह सी बुअज्जा.

"आला, आला!" कुणीतरी ओरडायचं.

गवतातून एक रातकिडा यायचा. इकडेतिकडे न बघता थेट कुंडाकडे. काठाशी क्षणभर थबकायचा आणि पाण्यात उडी टाकायचा. ज्याला पोहता येत नाही असा जीव, स्वतःच्या पायांनी चालत येऊन! आणि मग त्याच्या मागच्या टोकातून काळा दोरा बाहेर पडायला लागायचा. घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा, किड्याहून कितीतरी लांब, पाण्यात स्वतःच्याच गाठी मारणारा आणि सोडणारा.

सी बुअज्जा डोळे उघडायचा. "पाहिलंत? मुक्या जिवाला कळतं, पोटात करणीचा दोरा आहे. आला, बुडाला, सुटला! आणि तुम्ही शहाणे काय करता? पोर घेऊन मेकनेसच्या दवाखान्यात पळता. तिथं काय देतात? गोड सिरप! अगं बायांनो, जिन्नालासुद्धा गोड आवडतं. बसलाय आत मजेत चाटत!"

मी गेले त्या गुरुवारीही बायका हसल्या. मीही हसले. मी, म्हणजे मेकनेसच्या विद्यापीठातून निसर्गशास्त्राची पदवी घेतलेली, केळंसुद्धा सोलण्याआधी धुणारी, झोपलेल्या पोराच्या नाकाशी आरसा धरून श्वास चालू आहे ना हे बघणारी इत्तो.

माझ्या मांडीवर अनिर होता. तीन वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात त्याला झटके यायला लागले. सिरप सुरू केल्यापासून थांबले होते. पण मला 'थांबले' पुरत नव्हतं, मला 'गेले' हवं होतं. कायमचा बरा होईल का, असं विचारलं तेव्हा मेकनेसच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बहुधा." सी बुअज्जा म्हणाला, "शुक्रवारी."

आता तुम्हीच सांगा, घाबरलेली आई कुणाचं ऐकेल?

"शुक्रवारी मी घरी येतो," तो माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंना, लल्ला तामूंना म्हणाला. "पोराच्या कानातून दोरा काढून हातात देतो. पण औषध बंद हवं. औषधानं दोऱ्याला आत गाठ बसते."

गुरुवारी रात्रीचं सिरप चुकलं. शुक्रवारी सकाळचंही. बाटली सासूबाईंनी लपवली असं मी नंतर सगळ्यांना सांगत सुटले. खरं म्हणजे ती त्यांच्या हातात मीच दिली होती.

शुक्रवारी दुपारी वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसची भलीमोठी परात तयार झाली. शेजारची जोहूर आणि तिच्या दोघी जावा तमाशा बघायला आधीच येऊन बसल्या. सी बुअज्जा मानाच्या गादीवर. आमच्याकडे जेवणाआधी घरातली सून किटली आणि तस्त घेऊन फिरते आणि पाहुण्यांच्या हातावर पाणी घालते. मी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले.

त्यानं उजव्या हाताची बोटं नुसती पुढे केली.

"दुसराही हात द्या, सीदी."

"नमाजासाठी हातपाय धुऊन माझी वजू झालेली आहे, बाई."

"असेल. पण तुम्ही माझ्या पोराच्या कानात बोट घालणार ना?"

"इत्तो!" सासूबाई कुजबुजल्या. "फकीहला हात धुवायला सांगतेस?"

"हिनं इमामालासुद्धा साबण दिला असता," जोहूर म्हणाली.

देवाशपथ सांगते, मला कसलाही संशय नव्हता. मला फक्त घाण दिसली होती. त्याच्या डाव्या हाताची बोटं मिटलेली होती आणि अंगठीखाली काहीतरी ओलं, मळकट दिसत होतं. मी त्याचं मनगट धरलं आणि उकळून गार केलेलं पाणी भसाभस ओतलं.

तस्तात कापसाचा बोळा पडला. तो उलगडला, आणि त्यातून काळा दोरा वळवळत बाहेर आला.

बायकांनी किंकाळी फोडली. सी बुअज्जाचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, पण धंद्यात मुरलेला माणूस तो. "अल्ला मोठा आहे!" तो गरजला. "माझी नजर पडताच करणी पोरातून निघाली!"

आणि सांगायला लाज वाटते, माझे डोळे भरून आले. 'सुटला माझा अनिर' असं मी म्हणालेसुद्धा. मग माझं लक्ष पाण्यावर तरंगणाऱ्या कापसाकडे गेलं.

"सीदी," मी म्हणाले, "करणीला कापूस कशाला लागतो?"

तो तोंड उघडणार एवढ्यात अनिरच्या हातातला पाव खाली पडला. त्याची बोटं आखडली, मान वळली, डोळे वर गेले. झटका आला होता.

"हात लावू नका!" सी बुअज्जा ओरडला. "जिन्न बाहेर पडतोय! तोंडावर पाणी मारा!"

मी अनिरला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी शाल सरकवली, तोंडात काही घातलं नाही. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसंच. बाकी काही करता येत नव्हतं, वाट बघण्याशिवाय. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात स्वतःला जे जे म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सासूबाई माझ्याआधी उठल्या होत्या. पिठाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी सिरपची बाटली बाहेर काढली आणि पिठानं माखलेला तोच हात दाराकडे केला. "ऊठ रे! माझ्या गादीवरनं ऊठ!"

सी बुअज्जा कुसकुस न खाता गेला. आमच्या डोंगरात यापेक्षा मोठी फजिती नाही.

अनिर शुद्धीवर आला, रडला, पाणी प्यायला. डॉक्टरीणबाईंना फोन लावून, त्या बोलतील ते मुकाट्यानं ऐकून, सांगितलं तेवढं सिरप त्याला दिलं.

संध्याकाळी सासूबाई तस्ताकडे बघत बसल्या होत्या. "तो चोर, कबूल. पण झरा खरा आहे, इत्तो. रातकिडे काय त्यानं शिकवून ठेवलेत?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर मला माहीत असायला हवं होतं, आणि तो दोरा पाण्यात गाठी मारताना बघून कॉलेजातलं काहीतरी अंधुक आठवतही होतं. किड्यांची भयंकर किळस असलेली मी कुसकुसची चाळण घेऊन झऱ्याकाठच्या गवतात शिरले. चाळणीखाली रातकिडे पकडले, घरी आणले आणि अंगणात दिव्याखाली नळाच्या पाण्यानं भरलेल्या तस्ताजवळ सोडले. चाळणीबद्दल सासूबाईंनी मला अजून माफ केलेलं नाही.

बरेचसे किडे भिंतीकडे पळाले. पोट फुगलेला एक मात्र थेट तस्ताकडे आला. थबकला. उडी! आणि निघाला दोरा. ना झरा, ना मंत्र, ना साखरेचा शंकू.

"या अल्ला," पुन्हा तमाशा बघायला आलेली जोहूर म्हणाली, "नळालासुद्धा बरकत आली!"

"बरकत नाही गं, जंत आहे." मी पुस्तक शोधून आणलं. पान सापडलं, शेजारी माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचे' लिहिलेलं होतं. "हा जंत मोठा झाला की पाण्यात राहतो, तिथंच अंडी घालतो. त्याची पिल्लं पाण्यातल्या बारीक अळ्यांत शिरतात. अळ्यांना पंख फुटतात, त्या चिलटं होऊन बाहेर येतात, मरतात, आणि रातकिडा त्यांना खातो. मग त्याच्या पोटात जंत वाढतो. पुरता वाढला की त्याला पुन्हा पाणी हवं, म्हणून तो रातकिड्याचं वागणंच बिघडवतो. किडा चकाकत्या पाण्याकडे ओढला जातो. कुंडाशी कंदील उगाच नव्हता! माणसाच्या अंगात हा जंत राहत नाही. कानात तर नाहीच."

सासूबाई तस्तात वाकून बघत राहिल्या. "म्हणजे किड्याला वाटतं, आपणच चाललोय?"

"त्याला काय वाटतं कोण जाणे. पण चालवतो दुसराच."

"आणि तुला गुरुवारी झऱ्यावर कुणी चालवलं?"

जोहूर इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसता आलं नाही. पदवी डोक्यात होती, पण पाय भीतीच्या ताब्यात होते. आणि सी बुअज्जाला जंतापेक्षा त्या भीतीची माहिती जास्त होती.

पुढच्या गुरुवारी सासूबाई तस्त डोक्यावर घेऊन झऱ्यावर गेल्या आणि नळाच्या पाण्यात त्यांनी सगळ्यांसमोर रातकिडे सोडून दाखवले. सी बुअज्जा आला नव्हता.

बायांनो, भीती मला अजूनही वाटते. आरसाही अजून उशाशीच आहे. भीती वाटू द्या, पण तिच्या तालावर पाण्यात उडी घेण्याआधी काठावर थांबा. जो चमत्कार दाखवतो त्याला आधी दोन्ही हात पुढे करायला सांगा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोराचं औषध कुणाच्याही शब्दावर थांबवू नका. 'शुक्रवारी' कितीही गोड वाटलं, तरी 'बहुधा' म्हणणारं माणूस खरं बोलत असतं.