खालचा अर्धा भाग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या जोडीच्या कॅमेऱ्यांनी लग्नं पाहिली, समुद्र पाहिले. मी मात्र जन्मभर टीव्हीकडे टक लावून बसलो. आता माझ्या काचेला बुरशी चढली आहे. तरी एक दुपार नजरेपुढून हलत नाही.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत, मर्ना आणि शेल्डन लिप्सकी हे नवराबायको व्हिडिओ गेमचं मासिक काढत. तेव्हा असल्या विषयावर फारसं कुणी लिहीत नसे. मोठ्या वर्तमानपत्रांतले लोक त्यांना हसत. ही दोघं मात्र नाटकाबद्दल लिहावं तसं गेमबद्दल लिहीत, आणि कंपनीने दडवलेलं गेम रचणाऱ्याचं नाव हुडकून छापत.

पडद्याचे फोटो मी काढायचो. खिडक्यांना काळा कागद लावत. माझं शटर सावकाश चालवावं लागे. टीव्हीचं चित्र वरून खाली ओळीओळीने उमटतं, म्हणून घाई केली की अर्धा पडदा काळा येई. पण सावकाश चालवलं तर हलणारं सगळं पुसट होई. म्हणून मर्ना खेळता खेळता हात आवरून थांबे, आणि तेवढ्यात शत्रू तिचा निकाल लावत. एका फोटोला गेममधला एक जीव, असा आमचा धंदा होता.

चौऱ्याऐंशी साली गेमचा बाजार पार बसला होता. आमच्या मासिकानेही मान टाकली होती. एका दुपारी वेंडेल प्रुइट नावाचा तरुण धापा टाकत वर आला. त्याने रक्त आटवून रचलेला गेम बाजारात जायच्या आतच त्याची कंपनी बुडाली होती. त्या गेमची एकुलती एक कॅसेट त्याच्या खिशात होती. संध्याकाळी ती परत करायची होती. मग सगळा माल चिरडून टाकणार होते.

"गेममधलं शेवटचं शहर अजून कुणी बघितलंच नाहीये," तो म्हणाला. "एक फोटो काढा आणि खाली माझं नाव टाका. मी काहीतरी केलं होतं, एवढं तरी राहू दे."

शेल्डनने आधी एका खिडकीचा कागद काढून उजेडात वेंडेलचा फोटो घेतला. त्यासाठी माझं शटर जलद केलं. मग कागद पुन्हा लावला आणि मर्ना खेळायला बसली. तिची बोटं सुजली, कॉफीवर साय धरली. ती त्या शहरात पोहोचली तेव्हा एकच जीव उरला होता. मर्ना थांबली. शेल्डनने बटण दाबलं.

शटर जलदच राहिलं होतं. मला कळलं, मित्रांनो, पण मला ओरडता येत नाही.

रोल धुऊन वाळेपर्यंत कॅसेट गेलेली होती. दुसऱ्या दिवशी वेंडेल आला. शेल्डनला मान वर करवेना. मर्नानेच फोटो त्याच्या हातात दिला. वर छपरं होती, एका खिडकीत दिवा होता. खालचा अर्धा भाग काळा होता.

वेंडेल काळ्या भागावर बोट ठेवून म्हणाला, "खाली माणसं होती."

मर्नाने पेन्सिल उचलली. "कोण कोण होती? सांग मला."

"एक पाववाला. एक म्हातारा, कुत्रा घेऊन निघालेला. चार-चार ठिपक्यांची होती बिचारी, पण चालत होती."

तिने एकेक माणूस लिहून घेतला. फोटो तसाच छापला, शेजारी ती माणसं, खाली वेंडेलचं नाव. तो आमचा शेवटचा अंक.

मित्रांनो, तुमच्या खिशातला फोन पापणी लवायच्या आत फोटो घेतो, म्हणून निर्धास्त राहू नका. जे आवडतं ते जपा, आणि ते कुणी केलं हे विचारा. करणारा समोर उभा आहे तोवर विचारा.